पेरुजा, तू नेलेलं सगळं अजून परत आलेलं नाही

विन्चेन्झो पेरुजा,

तुला जाऊन शंभर वर्षं उलटली. फ्लॉरेन्सच्या न्यायालयाने १९१४ मध्ये तुला एक वर्ष पंधरा दिवसांची कैद सुनावली, पुढे ती सात महिन्यांवर आली आणि तू सुटलास. तू लूव्र संग्रहालयातून चोरलेलं मोना लिसाचं चित्र त्याआधीच सुखरूप पॅरिसला पोहोचलं होतं. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण संपलं. माझ्या दृष्टीने ते संपलेलं नाही. लूव्रला जाणाऱ्या माणसाचं एका चित्रापुढे निवांत उभं राहणं तू त्या दिवशी काखोटीला मारून नेलंस, ते कुणीही परत आणून दिलेलं नाही. त्याचा जाब विचारायला हे पत्र.

तू कलेचा जाणकार नव्हतास, दरोडेखोर म्हणूनही मोठा नव्हतास. घरांना रंग देणारा कामगार, आणि काही काळ लूव्रमधल्या चित्रांना काचा बसवणाऱ्या कंत्राटदाराकडे नोकरीला. त्यामुळे मोना लिसा भिंतीवरून कशी उतरते, चौकट कशी सुटते, हे तुला ठाऊक होतं. २१ ऑगस्ट १९११, सोमवार. त्या काळी सोमवारी संग्रहालय बंद असे. कर्मचारी घालतात तसा पांढरा डगला घालून तू आत वावरलास, चित्र उतरवलंस, जिन्यात नेऊन चौकट आणि काच काढून टाकलीस आणि लाकडाची ती फळी घेऊन चालता झालास. मंगळवारी लुई बेरू नावाचा चित्रकार त्या दालनात काम करायला आला, तेव्हा भिंत रिकामी. पहारेकऱ्याला वाटलं, चित्र छायाचित्रकाराकडे गेलं असेल. चोवीस तास उलटून गेले तरी लूव्रला आपल्या घरात काय नाही याचा पत्ता नव्हता. टाकलेल्या काचेवर तुझा ठसा होता, पोलिसांच्या दप्तरात तुझे ठसे आधीपासून होते, तरी ते कुणी जुळवले नाहीत. उलट कवी आपोलिनेरला काही दिवस तुरुंगात बसवलं, तरुण पिकासोची चौकशी केली. आणि तू चित्र ट्रंकेच्या चोरकप्प्यात ठेवून त्याच पॅरिसमध्ये आपल्या खोलीत राहत होतास. दोन वर्षांहून जास्त.

या काळात जे घडलं त्याचा राग मला चोरीपेक्षा जास्त येतो. तुझ्याआधी हे चित्र अज्ञात होतं असं मी म्हणणार नाही. फ्रान्सच्या राजांनी ते जपलं, नेपोलियनने काही वर्षं ते आपल्या शयनगृहात लावलं, एकोणिसाव्या शतकातले लेखक त्यावर भरभरून लिहीत होते. पण तो मान चित्रं पाहणाऱ्यांनी, वाचणाऱ्यांनी दिलेला होता. तुझ्या चोरीनंतर जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो चेहरा पहिल्या पानावर छापला आणि चित्रकलेशी काडीचा संबंध नसलेल्या घरांतही तो पोहोचला. संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा लोकांनी रिकामी भिंत पाहायला रांगा लावल्या. फ्रान्झ काफ्का आणि त्याचा मित्र माक्स ब्रोड त्यांत होते. जिथे काही नाही तिथे डोळे लावून उभं राहायची सवय जगाला तेव्हा लागली, आणि चित्र परतल्यावरही ती सुटली नाही.

आज ते चित्र लूव्रच्या सर्वांत मोठ्या दालनात आहे. ७७ सेंटिमीटर उंच, ५३ सेंटिमीटर रुंद, आणि त्यासमोर दिवसाला सुमारे वीस हजार माणसं. २०२४ मध्ये लूव्रला ८७ लाख लोक आले. त्यांतल्या बहुतेकांची पावलं आधी त्याच दिशेला वळली. दोऱ्यांच्या वळणावळणाच्या रांगेतून सरकत जायचं, कठड्याशी पोहोचायचं, आणि मिनिटभरात मागच्यांसाठी जागा सोडायची. समोर जाड काच, मध्ये अंतर, आणि त्या अंतरात उंचावलेले शेकडो मोबाइल. या गर्दीत आमची माणसंही असतात. सांगलीची, नाशिकची, ठाण्याची. आयुष्यभराच्या बचतीतून युरोपची सहल केलेले निवृत्त शिक्षक, मुलाने हौसेने पाठवलेली आई. कार्यक्रमपत्रिकेवर 'लूव्र' आणि पुढे 'मोना लिसा' एवढंच छापलेलं असतं. उंचीने कमी असलेल्या बाईला तिथे पुढच्याच्या मोबाइलच्या पडद्यावर मोना लिसा दिसते. लिओनार्दोने डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडा धूसर ठेवल्या, रंगाचे इतके पातळ थर एकावर एक दिले की सावली कुठे सुरू होते ते कळू नये. ही कारागिरी हातभर अंतरावरून, वेळ देऊन पाहायची आहे. पडद्यावर त्यातलं काहीही उरत नाही.

आणि त्या चित्राला तरी तुझी कीर्ती लाभली का? १९५६ मध्ये त्यावर दगड भिरकावला गेला, कोपराजवळचा रंग उडाला. २०२२ मध्ये केक फासला, २०२४ मध्ये सूप फेकलं. या लोकांचं चित्राशी वैर नव्हतं. सगळ्या जगाचे डोळे जिथे लागलेत तिथे काही फेकलं की बातमी होते, हे त्यांनाही कळलं होतं.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र त्या दालनाबाहेर आहे. बाहेर पडलं की लूव्रची लांबच लांब भव्य दीर्घिका लागते. तिथे त्याच लिओनार्दोची चित्रं आहेत. खडकांच्या गुहेतली मेरी. आई अ‍ॅनच्या मांडीवर बसून बाळाकडे झुकलेली मेरी, जे चित्र तो वर्षानुवर्षं करत राहिला आणि पुरं न करताच गेला. बोट वर करून हसणारा संत योहान, ज्याच्या चेहऱ्यावरचं हसू पाहिलं की मोना लिसाचं हसू समजायला सोपं जातं. इथे रांग नाही, कठड्याशी चेंगराचेंगरी नाही. लोक तिथून घाईघाईने जातात, कारण त्यांना 'ते' चित्र गाठायचं असतं, किंवा ते पाहून झाल्यामुळे आता बस गाठायची असते.

थोडं पुढे काराव्हाज्जोचं 'मेरीचा मृत्यू' आहे. ज्या रोमन चर्चसाठी ते केलं, त्या चर्चने ते नाकारलं, कारण त्याने देवमाता एखाद्या गरीब घरातल्या मेलेल्या बाईसारखी रंगवली: अंग सुजलेलं, पाय उघडे, भोवती खाली माना घातलेली माणसं आणि पुढे गुडघ्यांत डोकं खुपसून रडणारी एक मुलगी. तरुण रुबेन्सला त्याची किंमत कळली आणि त्याने मांतुआच्या ड्यूकला ते विकत घ्यायला लावलं. मी त्यापुढे बराच वेळ उभी होते. ज्या घरात मृत्यू झालाय त्या घराची शांतता इतक्या खरेपणाने रंगवलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आणि राफाएलने केलेलं बाल्दास्सारे कास्तिल्योनेचं चित्र: करडा आणि काळा रंग, निळे डोळे, समोरच्याचं ऐकून घेणारा चेहरा. रेम्ब्रांटने १६३९ मध्ये आम्सटरडॅमच्या लिलावात ते पाहिलं आणि तिथल्या तिथे त्याचं रेखाटन केलं. तू रिकाम्या केलेल्या भिंतीवर पुढे लूव्रने हेच चित्र लावलं होतं, पेरुजा. आज पर्यटकांच्या झुंडी त्याच्यावरून नजरही न फिरवता पुढे जातात.

आता तुझ्या देशप्रेमाबद्दल. पकडल्यावर तू म्हणालास, नेपोलियनने इटलीतून लुटलेली कला मला मायदेशी परत न्यायची होती. इटलीत तुझा जयजयकार झाला, तुरुंगात भेटी आल्या. पण लिओनार्दो १५१६ मध्ये स्वतःच्या पायांनी फ्रान्सला गेला, चित्रं सोबत घेऊन. १५१९ मध्ये तो तिथेच वारला आणि मोना लिसा राजा फ्रान्सिसच्या संग्रहात आली. नेपोलियनचा जन्म १७६९चा, म्हणजे लिओनार्दो गेल्यावर अडीचशे वर्षांनी. शिवाय देशासाठी आणलेल्या चित्राचे तू फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याकडे पाच लाख लिरा मागितलेस. ही तुझ्या देशप्रेमाची बोली.

खरी लूट त्याच लूव्रमध्ये होती. व्हेरोनेझेचं 'काना गावचं लग्न' व्हेनिसच्या एका मठाच्या भोजनगृहासाठी १५६३ मध्ये पुरं झालं. सुमारे पावणेसात मीटर उंच, दहा मीटर रुंद. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते भिंतीवरून उतरवून पॅरिसला नेलं. त्याच्या पाडावानंतर पुष्कळ चित्रं परत गेली, हे मात्र हलवण्याजोगं नाही असं सांगून ठेवून घेतलं आणि बदल्यात दुसरं एक चित्र व्हेनिसला दिलं. त्या भोजनगृहात २००७ पासून त्याची हुबेहूब प्रत आहे. मूळ चित्र आज मोना लिसाच्या अगदी समोर आहे आणि सगळी गर्दी त्याच्याकडे पाठ करून उभी असते. लुटलेल्या वस्तूबद्दल तुला खरंच कळवळा असता तर या चित्रासाठी तू आवाज उठवला असतास. ते काखेत मावत नव्हतं.

हा मुद्दा मला जिवाचा वाटतो, कारण परक्या देशातल्या कपाटात आपल्या वस्तू पाहायला लागण्याचं दुःख आम्हाला माहीत आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ मध्ये साताऱ्यात आली, तीही तीन वर्षांच्या बोलीवर. रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात पैसे मोजून घेतली. हे कागदपत्रांचं, वाटाघाटींचं, वर्षानुवर्षं चिकाटीने करायचं काम आहे. तुझ्यासारखा माणूस चोरी करून देशाचं नाव पुढे करतो, तेव्हा न्याय्य मागणी करणाऱ्या प्रत्येकाचा शब्द हलका होतो. याची माफी तुला नाही.

वर्तमानपत्रं, जाहिरातदार, सहलीवाले यांनी पुढे हात धुऊन घेतले हे खरं. सुरुवात तुझी होती. आता फ्रान्सने ठरवलंय, मोना लिसाला स्वतंत्र दालन द्यायचं, स्वतंत्र तिकीट लावायचं. जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या पाहुण्याला, म्हणजे आम्हालाही, लूव्रसाठी २२ ऐवजी ३२ युरो मोजावे लागतात. नव्या दालनामुळे व्हेरोनेझेला निदान त्याचे प्रेक्षक मिळतील, म्हणून मी त्या निर्णयाच्या बाजूची आहे. माझी मागणी एवढीच: त्या दालनाच्या दारावर, लिओनार्दोच्या नावाखाली, तुझं नाव, २१ ऑगस्ट १९११ ही तारीख आणि तुझा गुन्हा स्पष्ट लिहावा. आत जाणाऱ्याला कळू दे की त्याला इथवर कुणी आणलं, आणि बाहेर दीर्घिकेत कुणाकुणाची चित्रं त्याने अजून पाहिलेली नाहीत. बुधवारी आणि शुक्रवारी लूव्र रात्री नऊपर्यंत उघडं असतं, हेही खाली लिहावं.

कळावे.