फाटक्या नोटेची वाटणी

फाटकी नोट आपल्याकडे आली कुठून, हे कुणालाच सांगता येत नाही. ती दुसऱ्याच्या गळ्यात कशी मारायची, याचे बेत मात्र घरोघरी तयार असतात. आमच्याकडे ही खाती वाटलेली आहेत. बायको ती कोऱ्या नोटांच्या मधोमध घालून वाण्याला देते. मुलगा पेट्रोल पंपावर मागे हॉर्न वाजायला लागेपर्यंत थांबतो आणि मग देतो. आईची भिस्त देवावर, म्हणून ती दानपेटीत टाकते. देव उजेडात धरून बघत नाही.

नाण्यांची तर आणखी तऱ्हा. दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने चालतात, असं रिझर्व्ह बँकेने २०१८ साली सांगितलं. पण आमचा भाजीवाला अजून पंधराव्याच्या शोधात असल्यासारखा प्रत्येक नाणं उलटंपालटं करतो.

राहता राहिली बँक. फाटकी नोट कुठल्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळते, तिथे आपलं खातं असायला हवं असंही नाही. तरी लोक बट्टा देऊन बाजारात बदलतील, पण बँकेत जाणार नाहीत. कारण कॅशियर आधी नोटेकडे बघतो, मग आपल्याकडे, आणि दोघांत जास्त फाटकं कोण ते ठरवतो.

नियम मात्र त्याच्यापेक्षा दिलदार आहेत. २० रुपयांपर्यंतच्या नोटेचा सगळ्यांत मोठा अखंड तुकडा निम्म्याहून मोठा असला, तर पूर्ण पैसे, नाहीतर शून्य. ५० आणि त्यावरच्या नोटेचा ८० टक्क्यांहून मोठा तुकडा असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे, त्याखाली काही नाही.

आता हे गणित दोन भावांच्या वाटणीला लावून बघा. ५०० ची नोट बरोब्बर मधोमध फाटली, तर हिशेबाने दोघांनाही अडीचशे. २० ची तशीच फाटली, तर दोघांच्याही हाती भोपळा! तिथे एकाने बोटभर हावरटपणा केला तरच घरात वीस रुपये येतात. म्हणजे इस्टेट मोठी असेल तर न्यायाने वागावं आणि लहान असेल तर दांडगाईने, असा रोकडा उपदेश झाला.

अर्थात मुद्दाम फाडलेली नोट बँक नाकारते. तेव्हा ती भांडणाच्या झटापटीत फाटली, एवढं भावांना बँकेत पटवून द्यावं लागेल. त्याला साक्षीदार लागलेच, तर आमची अख्खी आळी येईल.