लेवीयापर्यंत पोचलेली मावशी

वर्षभरात अख्खं बायबल वाचून काढायचा संकल्प ख्रिस्ती घरांत 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत सोडला जातो आणि त्याचा तक्ता दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटतो. हिशेब सोपा आहे. एकूण अध्याय 1189. रोज तीन वाचले की वर्षाअखेर 94 उरतात. ते सवडीने भरून काढायचे. तक्ता करणारा माणूस आमच्या येवल्याचा नसावा, एवढं मात्र त्यावरून नक्की कळतं. कारण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून निघालं की 13 जानेवारीला, म्हणजे ऐन भोगीला, सदतिसावा अध्याय येतो आणि योसेफाची गोष्ट सुरू होते. संक्रांतीला योसेफ तुरुंगातून सुटून फारोच्या दरबारात पोचतो. करीच्या दिवशी भावांना ओळख देऊन धाय मोकलून रडतो. पहिल्या पुस्तकातली सगळ्यात रंगलेली गोष्ट, आणि नेमके तेच तीन दिवस अख्खं येवलं गच्चीवर!

ज्यांनी येवल्याची संक्रांत पाहिलेली नाही, त्यांना यातली अडचण कळायची नाही. इथे पतंग हा पोरांचा खेळ नाही. आजोबा, सुना, दुकानदार, विणकर, झाडून सगळे वर. हातात मांजा गुंडाळायची आसारी, खाली वाद्यांचा ठेका, आणि माग बंद. पतंगाला जातधर्म विचारायची पद्धत नाही, त्यामुळे आमची मंडळीही वरच. रात्री आठच्या कुटुंबप्रार्थनेला सगळे उतरतात तेव्हा चेहरे उन्हाने रापलेले असतात आणि बोटांना मांजाने कापू नये म्हणून गुंडाळलेली चिकटपट्टी तशीच असते. बायबलची पानं आधीच कांद्याच्या पापुद्र्यासारखी. त्या पट्टीच्या बोटांनी एक पान उलटायला गेलं की सहा उलटतात. सदतिसाव्यातून थेट एकेचाळिसाव्यात गेलेला वाचक आम्ही पाहिला आहे. त्यात मधला अडतिसावा, म्हणजे यहूदा आणि तामारेचा, आपोआप टळला म्हणून वडीलधाऱ्यांनी त्याला कोणी टोकलंही नाही.

तर अशाच एका भोगीच्या रात्री सदतिसावा अध्याय चालला होता. याकोबाचा योसेफावर जास्त जीव. त्याने त्याच्यासाठी एक खास झगा करवला. भावांच्या पोटात दुखलं. त्यांनी योसेफाच्या अंगातला झगा काढला, त्याला कोरड्या विहिरीत टाकलं, मग वीस रुप्यांना विकलं, आणि झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापाकडे धाडला. बापाने ओळखलं, कपडे फाडले, गोणपाट नेसला. वाचन संपलं. पाळकसाहेब मननाला सुरुवात करणार, एवढ्यात भिंतीशी बसलेली मावशी म्हणाली, "पण तो झगा विणला कोणी?"

मावशी म्हणजे आमच्या मंडळीतली सत्तरीची बाई. माहेर वैजापूरकडचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागांसाठी रेशमाच्या कांड्या भरल्या. वाचायला शिकली ती पन्नाशीनंतर, मोठ्या अक्षरांचं बायबल घेऊन, ओळीखाली बोट धरून. ते बोट अजून सुटलेलं नाही.

पाळकसाहेबांनी सांगितलं, शास्त्रात विणणाऱ्याचं नाव नाही. मावशीला ते पटलं नाही, पण तिने सोडून दिलं. मग म्हणाली, "रक्तात बुडवला म्हणता, फाडला तर नाही ना?" पाळकसाहेबांनी वचन पुन्हा पाहिलं. फाडल्याचा उल्लेख नव्हता. "मग बापाला कळायला नको? श्वापदानं माणूस खाल्ला आणि अंगावरच्या कापडाचा एक धागा उसवला नाही? आमच्या शेटजींनी असं कापड हातात घेतलं असतं ना, तर पहिलं हेच विचारलं असतं." थोडं थांबून म्हणाली, "दुःखात माणूस कापड नीट बघत नाही."

त्या अध्यायावरची प्रवचनं मी पुष्कळ ऐकली आहेत. देवाची योजना, भावाभावांतली असूया, स्वप्नांचे अर्थ. रक्ताखालच्या कापडाकडे कोणाचं लक्ष गेल्याचं आठवत नाही. मावशीचं गेलं, कारण जन्मभर तिची नजर धाग्यावरच होती.

पण वचन तिला तेवढ्यावर सोडणार नव्हतं. तिच्या ट्रंकेत एक पैठणी आहे. पदराच्या मोरात चूक झाली म्हणून विकली न गेलेली, मालकाने पुढे कधीतरी मजुरीत वळती करून दिलेली. मावशीला सुना दोन. धाकटी लाडकी. पैठणी धाकटीची, हे ठरल्यासारखंच होतं आणि थोरलीला ते माहीत होतं. येवल्यात घराघरांत रेशीम असलं तरी घराघरांतल्या बाईच्या अंगावर पैठणी नसते. साधीसुद्धा महिनाभर मागावर बसते आणि बाहेरगावी जाते. त्यामुळे एका घरात एकच पैठणी आणि दोन सुना, हा मामला याकोबाच्या तंबूइतकाच नाजूक. भोगीनंतर मावशी आठवडाभर कोणाशी धड बोलली नाही. मग पुढच्या लग्नाला ती पैठणी स्वतःच नेसून आली. सत्तराव्या वर्षी, मोरपंखी रंगाची, पदरावरचा तो चुकलेला मोर मिरवत. पाळकसाहेबांनी कौतुक केलं तर म्हणाली, "दोघींना नको, मलाच बरी. याकोबानं पण स्वतःच घालायला हवा होता तो झगा."

हे मनन कुठल्या पुस्तकात बसेल असं मला वाटत नाही. पण अंगाला लागलेलं मनन ते हेच, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

मंडळ्यांमध्ये बायबल-प्रश्नमंजूषा नावाचा एक प्रकार असतो. नोहाच्या तारवाला मजले किती? मथुशलह किती वर्षं जगला? पोरं धडाधड उत्तरं देतात, बक्षिसाला स्टीलचा डबा मिळतो. मला त्या वेळी हटकून मार्काचा आठवा अध्याय आठवतो. शिष्य होडीत बसले आहेत आणि सोबत एकच भाकर आहे, म्हणून आपसात कुरकुर चालली आहे. येशू विचारतो, पाच हजारांना जेवू घातलं तेव्हा उरलेल्या तुकड्यांच्या टोपल्या किती भरल्या? बारा. चार हजारांना घातलं तेव्हा? सात. दोन्ही उत्तरं बरोबर! स्टीलचा डबा पक्का. आणि तरी येशू विचारतो की तुम्हाला अजून कसं समजत नाही. ज्याने हजारोंना पुरवलं तो त्याच होडीत बसला होता आणि यांना एका भाकरीची काळजी.

मार्क मोठा मिस्कील लेखक असला पाहिजे. कारण लगेच पुढे तो बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट सांगतो. येशू त्याच्या डोळ्यांना हात लावतो आणि काय दिसतं ते विचारतो. तो म्हणतो, माणसं दिसतात, पण झाडांसारखी, हिंडणारी. मग येशू पुन्हा हात ठेवतो आणि आता त्याला स्वच्छ दिसतं. चारही शुभवर्तमानांत दोन हप्त्यांत बरा झालेला हा एवढाच. मत्तय आणि लूक यांनी ही गोष्ट घेतलीच नाही. मला वाटतं, होडीतल्या त्या मंडळींना मार्काने ती मुद्दाम चिकटवली आहे. पहिल्या हाताने झाडं दिसली, म्हणून त्या माणसाला कोणी नापास केलं नाही. त्यानेही आपल्याला सगळं दिसतं अशी साक्ष देऊन टाकली नाही, हे त्याहून विशेष. आमच्याकडे रात्रीच्या सभेत हात वर केलेला माणूस सकाळी साक्ष द्यायला उभा असतो.

कवी नारायण वामन टिळकांच्या घरात मात्र अशी घाई नव्हती. टिळकांना नवा करार आगगाडीत मिळाला, एका अनोळखी सहप्रवाशाकडून. वाचायचं म्हणून वाचायला घेतला आणि मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी पाय असा अडकला की पुढे जाववेना. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना पुढची पाच वर्षं लागली. नवऱ्याकडे राहायला आल्यावरही त्यांनी आपलं सोवळं आणि आपली चूल वेगळी ठेवली होती. एक एक गोष्ट सुटत गेली, तीही कोणी सोडायला लावली म्हणून नव्हे. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसू येतं ते याच जागी, कारण बाई स्वतःचा हट्ट लपवत नाहीत. लक्ष्मीबाईंचं माहेर नाशिकजवळचं जलालपूर, संसार नगर-राहुरीकडचा. नाशिकहून तिकडे रेल्वेने जायचं तर मनमाडला गाडी बदलून येवल्यावरूनच जावं लागतं. तेव्हा ही दोघं आमच्या फलाटावरून कितीदा तरी गेली असणार, असं मी आपलं धरून चालतो. गावाला तेवढीच प्रतिष्ठा.

तशी येवल्याला प्रतिष्ठा कमी नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या परिषदेत जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्या जागेला आज मुक्तिभूमी म्हणतात. त्यानंतर त्यांच्याकडे ख्रिस्ती, मुसलमान, शीख अशा सगळ्यांची बोलावणी गेली. बाबासाहेब मात्र वाचत राहिले. नागपूरला दीक्षा घेतली ती 14 ऑक्टोबर 1956 रोजी. मोजून एकवीस वर्षं आणि एक दिवस! ते आमच्याकडे आले नाहीत, याची हळहळ आमच्या काही जुन्या माणसांना अजून आहे. मला ती नाही. माणसाने धर्म वाचावा कसा, याचा धडा या गावात सगळ्यांसाठी गिरवलेला आहे, आणि मुक्तिभूमीच्या रस्त्याने जाताना एका रात्रीत शिष्य करणाऱ्या सभांच्या भिंतीवरच्या जाहिराती दिसल्या की जरा ओशाळल्यासारखं होतं.

एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे. धावत वाचणाऱ्यांचाही उपयोग असतो. कुठलं वचन कुठे, हे त्यांना विचारावं. पंडिता रमाबाईंसारखा दोन्ही प्रकारचा वाचक विरळा. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी केडगावात हिब्रू आणि ग्रीक घेऊन अख्खं बायबल शब्दाशब्दाने साध्या मराठीत उतरवण्यात घालवली, न शिकलेल्या बायांना कळावं म्हणून. त्या 1922 मध्ये गेल्या, पुस्तक 1924 मध्ये निघालं. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळं वाचलं आणि शब्दही सोडला नाही. आम्ही मात्र लेवीयात अडकतो.

तक्त्याप्रमाणे लेवीय 31 जानेवारीला लागतो. उत्पत्तीचे पन्नास, निर्गमाचे चाळीस, तीस दिवस संपले. एकतिसाव्या दिवशी होमार्पण, अन्नार्पण, चरबी आणि गुरदे. दारामागच्या तक्त्यावरच्या टिकमार्का साधारण इथेच बंद पडतात आणि पुढे वर्षभर त्या कागदाचा उपयोग दुधाचा हिशेब लिहायला होतो. कुटुंबप्रार्थनेतही उपस्थिती रोडावते. पाळकसाहेब सुचवतात, आपण काही दिवस स्तोत्रसंहिता घेऊ या. कोणाची हरकत नसते.

त्या वर्षी मावशीची होती.

कारण 4 फेब्रुवारीला लेवीयाचा तेरावा अध्याय आला. त्याचा पुढचा भाग कापडाला लागणाऱ्या चट्ट्याबद्दल आहे. लोकरीच्या किंवा तागाच्या कापडाला, त्याच्या ताण्याला किंवा बाण्याला चट्टा दिसला, तर याजकाने तपासावं, सात दिवस बंद करून ठेवावं, पुन्हा पाहावं, धुवावं, पसरला असेल तर जाळावं. मावशीचं बोट त्या ओळींखाली असं ठरलं की हलेना. साडेतीन हजार वर्षांपूर्वी देवाच्या तंबूत ताण्याबाण्याची चौकशी होते, हे तिला कोणी आजवर सांगितलंच नव्हतं! याजकाने सात दिवस थांबायचं, यावर ती विशेष खूश. "बरोबर आहे. दमटपणानं आलेला डाग वेगळा, मुरलेला वेगळा. लगेच कळत नाही." बाकीचे चहाची वाट पाहत होते. चहा झाला, गार झाला.

दोन दिवसांनी एकोणिसावा अध्याय. त्यात एक आज्ञा आहे की दोन प्रकारच्या सुतांचं मिसळून विणलेलं कापड अंगावर घालू नये. वाचणाऱ्या पोराने ती झटकन उरकली, पण मावशीचं बोट मागे फिरलं. खोलीत एकदम शांतता. रेशीम आणि जर. अख्ख्या गावाचं पोट ज्यावर चालतं ते. पाळकसाहेबांनी घाईघाईने अनुवादाचा बाविसावा अध्याय काढला. तिथे मोशेने खुलासा केला आहे की लोकर आणि ताग एकत्र नको. रेशमाचा आणि जरीचा त्यात काही संबंध नाही. शिवाय आपण नव्या करारातले, ते नियम आता आपल्याला लागू नाहीत, असंही त्यांनी सांगून पाहिलं.

ही दुसरी सूट मावशीने कानाआड केली. पहिलीवर मात्र ती बराच वेळ विचार करत होती. "म्हणजे असली पैठणी चालते." चालते, पाळकसाहेब म्हणाले. "आणि यंत्रावरचं ते मिसळीचं कापड असतं, थोडं हे थोडं ते, आणि गिऱ्हाइकाला येवल्याची पैठणी म्हणून गळ्यात मारतात, ते?"

पाळकसाहेब म्हणाले, त्याबद्दल शास्त्रात स्पष्ट काही नाही.

"नाही कसं? मिसळ नको, म्हटलंय की. येत्या रविवारी सांगा हेच. आणि जरा मोठ्यानं सांगा, रस्त्यापलीकडच्या दुकानात ऐकू गेलं पाहिजे."