पायसक्का, किचडिगा?

बंगळूरच्या चामराजपेटेत राहायला आलो आणि पहिल्याच एकादशीला खिचडीऐवजी खळ झाली. साबुदाण्याला कानडीत 'सब्बक्की' म्हणतात, हे मी घोकून गेलो होतो. दुकानदाराने बारीक, मोहरीएवढी सब्बक्की बांधून दिली. इथे ती पायसात जाते, हे कोण सांगणार? फोडणीत पडली ती कालथ्यासकटच वर आली. उपास मात्र कडक घडला.

पुढच्या खेपेला त्यानेच विचारलं, "पायसक्का, किचडिगा?" म्हणजे पायसासाठी की खिचडीसाठी? आणि खालच्या फळीवरून टपोऱ्या दाण्यांची बरणी काढली. शेजारी थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला! माझ्याआधी कितीजणांनी खळ शिजवली असेल, तेव्हा ती फळी भरली असेल. शिकागोलगतच्या सिसेरोत मेक्सिकोहून आलेल्यांची वस्ती वाढली, तशी तिथेही तोर्तियाची दुकानं आली. माणूस आधी येतो, त्याच्या मागोमाग त्याचं पीठ येतं.

आपण इथे नवे, ही समजूत कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांनी उतरवली. घराणं भावसारांचं, घरात मराठी, हिशेब कानडीत. "पुण्याचे का? कधी आलात?" "जूनमध्ये." यावर ते नुसतेच हसले आणि टेप गळ्यात टाकली. हसणारच; मराठी माणूस इथे नवा नाहीच. विजापूरकरांनी 1638 मध्ये बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आलं. पुढे त्यांच्या मुलाने, एकोजीराजांनी, ते म्हैसूरच्या चिक्कदेवरायांना 3 लाखांना द्यायचं ठरवलं होतं म्हणतात. 3 लाख! आमच्या घरमालकाने डिपॉझिटच त्याच्या आसपास घेतलंय. चामराजपेट तर पुढची, 1892 ची, दहाव्या चामराजेंद्र वाडियारांच्या नावाची. म्हणजे या पेठेपेक्षा इथली मराठी जुनी.

कन्नड साहित्य परिषद याच पेठेत. तिच्यावरून जाताना मी जरा खाली मान घालतो. द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलायचे आणि कानडी कवितेसाठी 1973 चं ज्ञानपीठ मिळवून बसले. माझी मजल सब्बक्कीपर्यंत.

परवा दुकानात एक मुलगी आली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. "भैया, साबुदाना है क्या?" हिंदीतला तो 'है क्या' थेट विदर्भातला. दुकानदार वजनकाट्यात गुंतला होता. मी घसा खाकरला आणि अस्सल चामराजपेटी रुबाबात विचारलं, "पायसक्का, किचडिगा?"

ती म्हणाली, "काका, मराठीत बोला ना."