कितवे अण्णा

भिगवणच्या पुढं महामार्गाला उभं राहून वडापवाल्याला "डाळजला जायचंय" म्हटलं, तर तो "बसा" म्हणत नाही. आधी विचारतो, "कितवं?" इंदापूर तालुक्यात डाळज नंबर एक आहे, नंबर दोन आहे आणि नंबर तीनही आहे. सरकारदरबारी तसंच लिहितात, लग्नपत्रिकेतही तसंच छापतात. पुण्याचे पाहुणे ते वाचून हसतात आणि मग चुकीच्या डाळजात आहेर देऊन, जेवून, ढेकर देऊन येतात.

त्यामुळं कितवे अण्णा आमच्याच गावात का निपजले, हे कोडं आम्हाला कधी पडलं नाही. सातबाऱ्यावर त्यांचं नाव मारुती. 'कितवे' ही पदवी त्यांनी स्वतः कमावली. कीर्तन असो, प्रचारसभा असो, लग्नातलं आशीर्वादाचं भाषण असो, कुणी एखाद्या राजाचं नाव घेतलं की मागच्या रांगेतून आवाज येतो, "कितवे?"

अण्णांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टरकीत गेली. एक टिंग दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की सुटते, एवढं व्याकरण त्यांना जन्माला पुरलं. "कितवे?" ही त्यांची एक टिंग. वक्ता जागच्या जागी उभा राहतो. उत्तर पटेपर्यंत पुढच्या दोन टिंगा मिळत नाहीत.

एका शाळेत २६ जूनला शाहू जयंतीचा कार्यक्रम होता. पाहुणे मोठे होते, भाषण त्याहून मोठं. "याच शाहू महाराजांनी," पाहुणे तापले होते, "एकोणीस वर्षांच्या बाजीरावातली चमक ओळखली, त्याला पेशवाईची वस्त्रं दिली! आणि याच महाराजांनी मागासलेल्या समाजासाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या!"

"कितवे?"

पाहुण्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. अण्णा उभे राहिले. "पाव्हणं, वस्त्रं दिली १७२० ला. जागा राखल्या १९०२ ला. मधली एकशे ब्याऐंशी वर्षं म्हाराज काय करत हुते?"

पाहुणे हुशार. म्हणाले, "मला दुसरे शाहू म्हणायचं होतं."

तिथंच घात झाला. साताऱ्याच्या गादीवर दुसरे शाहू खरोखरच होऊन गेलेत. १७७७ ते १८०८. ते ना बाजीरावाच्या वेळचे, ना आरक्षणाच्या वेळचे. बाजीरावाला पेशवा केलं ते साताऱ्याचे, संभाजीराजांचे चिरंजीव. जागा राखल्या त्या कोल्हापूरच्या राजर्षींनी. अण्णांनी हे सगळं उभ्या उभ्या सांगितलं. पोरांना वाटलं भाषण संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग खरंच संपवावं लागलं.

आता कुणाला वाटेल, अण्णांना नंबरांचा नाद आहे. उलट आहे. कुणी "दुसरे", "तिसरे" म्हणालं की त्यांचं कपाळ चढतं.

"अहो, तुम्हीच विचारता ना कितवे?"

"कितवे म्हंजी कुठले रं! कुणाच्या पोटचे, कुठल्या गादीचे? नंबर घालायला राजे काय डाळज हायेत व्हय?"

त्यांच्या मते हे नंबर साहेबाच्या पुस्तकातून आले. त्यांच्याकडं जॉर्जांची आणि हेन्रींची रांग लागलेली, त्यांना बिल्ला दिल्याशिवाय ओळखणार कसं? आपल्यात थोरले म्हणायचं, धाकटे म्हणायचं. थोरले शाहू. थोरले माधवराव, जे १७७२ मध्ये थेऊरला गेले. (एसटी थेऊर फाट्यावरून जायची तेव्हा अण्णा तिकिटं फाडायचं थांबवून टोपी सरळ करत. सुट्टे मागणाऱ्यालाही तेवढा वेळ थांबावं लागे.) मग त्यांच्या धाकट्या भावाचा, खून झालेल्या नारायणरावांचा, मुलगा १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मला. चाळीस दिवसांच्या त्या पोराला पेशवा केलं. नाव चुलत्याचंच, माधवराव. त्याला दुसरा म्हणाले का? नाही. सवाई म्हणाले. म्हणजे मूळ एक आणि वर पाव. "ह्येला म्हणत्यात नाव ठेवनं," अण्णा म्हणतात. पाव कमी का पडला, हे ते सांगत नाहीत. एकविसाव्या वर्षी शनिवारवाड्यात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

अण्णांच्या ओसरीवर साखर कारखान्याच्या कॅलेंडरांच्या पाठी जोडून केलेला एक तक्ता आहे. निळं पेन सातारा, लाल पेन कोल्हापूर, हिरवं तंजावर. पावसाळ्यात ओल येते तेव्हा तंजावर कोल्हापुरात उतरतं. आम्ही लहानपणी त्यावर बोट ठेवून साप-शिडी खेळायचो. शहाजीवरून निघालं तर वेंकोजीवरून खाली पुन्हा शहाजी लागतो, तो तंजावरचा नातू. संभाजीवरून निघालं तर आधी शिवरायांचे थोरले बंधू संभाजी, जे कनकगिरीला पडले. मग ते नाव घेऊन १६५७ मध्ये जन्मलेले पुतणे, ज्यांना आपण शंभूराजे म्हणतो. मग राजारामांचे पुत्र संभाजी, कोल्हापूरचे, ज्यांनी थोरल्या शाहूंशी १७३१ मध्ये वारणेचा तह केला. पुढं साताऱ्यालाही प्रतापसिंह, तंजावरलाही प्रतापसिंह. एका रंगाची शिडी चढायची आणि दुसऱ्या रंगाच्या सापाच्या तोंडी जायचं.

पण तक्त्यातली त्यांची लाडकी जागा म्हणजे खेड. आपलंच, आताचं राजगुरुनगर. अण्णा तिथं बोटानं दोनदा टकटक करतात. थोरल्या शाहूंचं पाळण्यातलं नाव शिवाजी. मोगलांच्या छावणीत वाढले तिथं शाहू झाले. इकडं ताराराणींनी आपल्या मुलाला गादीवर बसवलं, त्याचंही नाव शिवाजी. १७०७ मध्ये शाहू सुटून आले आणि खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. "नाव बदललं म्हनून निभावलं," अण्णा म्हणतात. "न्हाईतर हिकडून बी 'शिवाजीम्हाराज की', तिकडून बी 'शिवाजीम्हाराज की'. सैनिकानं 'जय' कुनाला म्हनायचं?"

ताराराणींच्या या मुलाला काही पुस्तकं साताऱ्याच्या हिशेबानं दुसरे शिवाजी म्हणतात, काही कोल्हापूरच्या हिशेबानं पहिले. तिथून पुढचे सगळे आकडे एकानं सरकतात. लाल पेनात एका शिवाजीपुढं 'चौथे' लिहून, खोडून, 'पाचवे' लिहून, तेही खोडलं आहे. हे १८७१ मध्ये दत्तक आलेले. इंग्रजांनी त्यांना वेडे ठरवून नगरच्या किल्ल्यात ठेवलं, आणि १८८३ मध्ये ते तिथंच गेले. वय विशीचं. त्यांच्याबद्दल बोलताना मात्र अण्णा 'कितवे' विचारत नाहीत. कुणी विचारलं तर "त्ये नगरचे" म्हणतात आणि तंबाखूची पिशवी शोधायला लागतात.

राजारामांचं त्यांना भलतं कौतुक. एका राजारामांची समाधी सिंहगडावर, दुसऱ्यांची छत्री इटलीत. दुसरे म्हणजे कोल्हापूरचे. विलायतेहून परत येताना १८७० मध्ये फ्लॉरेन्सला वारले, वीस वर्षांचे. अर्नो नदीच्या काठी दहन झालं आणि तिथंच छत्री उभी राहिली. गावातला एक बागायतदार उसाचं बिल झाल्यावर सहल कंपनीबरोबर युरोपला निघाला तेव्हा अण्णांनी त्याला चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. तो परतला तो मनोऱ्याला हात लावून धरल्याचा फोटो घेऊन. "छत्री?" अण्णांनी विचारलं. "नेली होती," तो म्हणाला, "पण पाऊसच लागला नाही."

बाजीरावांवरचा सिनेमा आला २०१५ मध्ये. अण्णा खिडकीशी गेले आणि सवयीनं विचारलं, "कितवे?" आतला पोरगा म्हणाला, "तिसरा. साडेसहाचा." अण्णा दोन दिवस जेवले नाहीत नीट. आधीच दोन बाजीरावांनी त्यांचं डोकं उठवलेलं. एक रावेरखेडीला नर्मदेकाठी गेला, दुसरा, त्याचाच नातू, आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला गंगेकाठी. दोघांच्याही भावाचं नाव चिमाजी आप्पा. एकानं वसई घेतली, दुसऱ्याला १७९६ मध्ये काही महिने पेशवाईवर बसवलं, तेवढीच त्याची कमाई.

या सगळ्याचं मूळ अण्णांच्या घरातच आहे, असं माझं मत. त्यांचे आजोबा मारुती ज्ञानदेव. वडील ज्ञानदेव मारुती. अण्णा मारुती ज्ञानदेव. मुलगा ज्ञानदेव मारुती. गेलेल्या माणसाचं नाव घरात परत आणायचं, ही रीत. पण रीत पाळली की आजीची पंचाईत. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही आणि नातू तर त्याच नावाचा. म्हणून बाराव्या दिवसापासूनच आजी त्यांना 'अण्णा' म्हणू लागली. पाळण्यातला, दात न आलेला अण्णा. पुढं काकी लग्न होऊन आल्या. त्यांना नवऱ्याचं नाव चालत नाही, म्हणून शनिवारी त्या "शेंदराच्या देवाला" तेल घालायला जातात. मारुतीरायाचं नाव त्यांनी चाळीस वर्षांत उच्चारलेलं नाही.

यावरून अण्णांनी सिद्धांत काढला. कोल्हापूरचे शहाजी ते बुवासाहेब, शिवाजी ते बाबासाहेब, साताऱ्याचे शेवटचे शहाजी ते आप्पासाहेब. ही टोपणनावं कुणी ठेवली असतील? "राण्यांनी," अण्णा म्हणतात, "दुसरं कोन ठेवनार? पुरुषाला काय, तो नंबर टाकून मोकळा." हे कुठल्या बखरीत लिहिलंय, असं विचारलं की ते काकींकडं बोट दाखवतात.

विजेचं बिल अजून आजोबांच्या नावानं येतं. नाव बदलायचं कारणच पडलं नाही. अण्णा त्याला शिवराई म्हणतात. गादीवर कुणीही बसलं तरी तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' उमटायचंच, तसं. पण एकदा ही शिवराई उलटली. आजोबांनी विहिरीसाठी काढलेल्या जुन्या कर्जाची नोटीस अण्णांच्या नावे आली. अण्णा कागद घेऊन कर्जाच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबानं जाड रजिस्टर उघडलं, एका नावावर बोट ठेवलं, दुसऱ्यावर ठेवलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "यातले तुम्ही कितवे?"

अण्णांना आयुष्यात हा प्रश्न पहिल्यांदाच दुसऱ्या कुणी विचारला. ते म्हणे नुसते बघत राहिले. शेवटी म्हणाले, "धाकटे."

गेल्या वर्षी नातू बालवाडीत गेला. बारशाला अण्णांनी जोर लावला होता, पण पाळीनं येणारं नाव मारुती आणि मारुती तर समोर बसून पान खात होता. जित्या माणसाचं नाव ठेवायचं नाही म्हणून सुनेनं मोबाईलमधून 'शिवांश' काढलं. या घराण्यात हे नाव पूर्वी कुणाचंच नाही, नंबराचा प्रश्नच मिटला, असं ती म्हणाली. अण्णांनाही ते मनातून पटलं होतं.

पहिल्या दिवशी पोराला सोडायला ते स्वतः गेले. ओळीनं बसलेल्या पोरांना बाई नावं विचारत होत्या. आमच्या शिवांशच्या आधी एक शिवांश होता, नंतरही एक निघाला. बाईंनी हजेरीत खुणा केल्या. दुपारी अण्णा आणायला गेले तेव्हा पोरगं फाटकापर्यंत पळत आलं आणि आज काय शिकलं ते एका दमात सांगून टाकलं, "शिवांश नंबर दोन, राहणार डाळज नंबर दोन!"

अण्णांनी त्याला तिथंच उभं केलं. एक टिंग.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर बाईंनी अण्णांच्या घरी माणूस पाठवला. निरोप असा होता, की पोरगं नंबर दोनला 'हजर' म्हणत नाही, सव्वा म्हणा म्हणतंय, तर हे सव्वा म्हणजे नक्की काय लिहायचं.