पडेल मालाचा भाव

आमच्या घरात सोनं तोळ्यावर येतं आणि दगड ग्रॅमवर. सोनं सासूबाईंच्या आग्रहाने येतं, दसऱ्याच्या आसपास, पेढीवरचा फुकटचा चहा पिऊन. दगड माझ्या आग्रहाने येतात, मोरोक्कोतून, अर्जेंटिनातून, रशियातून, आणि चहा कुरिअरवाल्याला आपणच पाजायचा असतो. नवऱ्याने हयातभर दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासल्या. त्यामुळे घरात आलेल्या कोणत्याही वस्तूचा दर काढल्याशिवाय त्याला घास गिळत नाही. पहिल्या अशनीची पावती पाहून त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"हा आकाशातून फुकट पडला ना?"

"हो."

"मग पैसे कसले? उचलल्याचे?"

प्रश्न बिनतोड होता. मी त्याला तज्ज्ञाच्या थाटात सांगितलं की पाषाण अशनी, लोहअशनी आणि दोन्हींचं मिश्रण असे तीन मुख्य प्रकार असतात, त्यावर भाव ठरतो. सहारातला साधा पाषाण अशनी कोणालाही परवडतो. एनडब्ल्यूए ८६९ नावाचा एक तर टनांनी सापडला आहे. एनडब्ल्यूए म्हणजे वायव्य आफ्रिका. अशनीला नाव द्यायची जुनी रीत जवळच्या टपाल कचेरीवरून द्यायची, पण वाळवंटात टपाल कचेरी कुठून आणणार? म्हणून नुसते क्रमांक. उलट चंद्रावरून किंवा मंगळावरून उडून आलेला दगड असेल तर आपण किंमत विचारायची आणि फोन ठेवून द्यायचा.

जुलै २०२५मध्ये न्यूयॉर्कला सदबीज्‌च्या लिलावात मंगळाचा एक दगड विकला गेला. वजन साडेचोवीस किलोच्या वर, किंमत त्रेपन्न लाख डॉलर. नायजरच्या वाळवंटात तो २०२३ साली सापडला होता. लिलाव झाल्यावर नायजर सरकारने हा आमच्या देशाबाहेर गेलाच कसा म्हणून चौकशी लावली. नवऱ्याने तिथल्या तिथे भागाकार केला आणि ग्रॅममागे भाव सोन्याच्या साधारण दुप्पट निघाला. त्या दिवसापासून तो माझ्या कपाटाकडे जरा अदबीने पाहतो. माझ्याकडे मंगळाचं काही नाही, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. त्याने विचारलेलंही नाही.

सासूबाईंची कसोटी वेगळी. सिखोते-अलिनचा तुकडा आला तेव्हा त्यांनी तो तळहातावर घेतला. सैबेरियाच्याही पलीकडे, रशियाच्या अतिपूर्वेच्या डोंगरात १२ फेब्रुवारी १९४७ रोजी हे लोखंड कोसळलं आणि फुटून त्याच्या वाकड्यातिकड्या चिरफळ्या झाल्या. मी हे सगळं रंगवून सांगत असताना त्यांनी मध्येच विचारलं, "काय गं, पडला तेव्हा कुणाला लागलं नाही ना?"

"नाही आई, जंगलात पडला."

"मग ठेव."

गंमत म्हणजे अशनींचा व्यापारीही नेमकं हेच विचारतो. फक्त त्याला उत्तर उलटं हवं असतं.

हे कळायला मला वेळ लागला. सगळी पुस्तकं निकेल, ऑलिव्हिन आणि दहनकवच यांवर लिहिलेली. पण बाजारात ज्याला खरा भाव आहे ते या दगडांचं उपद्रवमूल्य. साडेचारशे कोटी वर्षं कोणाच्या अध्यात ना मध्यात राहून सूर्याभोवती फिरलेल्या सभ्य दगडाला कोणी विचारत नाही. शेवटच्या क्षणी त्याने कोणाचं तरी कौल, काच, छप्पर फोडलं पाहिजे.

कोस्टा रिकामध्ये आग्वास सार्कास इथे २३ एप्रिल २०१९ रोजी पडलेला अशनी घ्या. शास्त्रज्ञांच्या लेखी हा कुलीन. कार्बनयुक्त, त्यात पाणी धरलेली खनिजं आणि वर अमिनो आम्लं. त्यातला एक तुकडा एका जर्मन शेफर्डच्या खुराड्याचं पत्र्याचं छप्पर भोकसून आत गेला. कुत्रा आत होता, थोडक्यात बचावला. २०२२मध्ये क्रिस्टीज्‌ने दगड आणि खुराडं दोन्ही लिलावात काढलं. दगडाला एकवीस हजार डॉलरच्या वर मिळाले. खुराड्याला चव्वेचाळीस हजार.

"म्हणजे भाव पत्र्याला आहे," नवरा म्हणाला. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच या विषयात रस वाटलेला मी पाहिला.

पत्र्याला नाही, भोकाला. पण हिशेबनिसाला भोकाचा दर सांगणं अवघड असतं. अमेरिकेत जॉर्जियातल्या क्लॅक्स्टन गावी १९८४ साली एका घराबाहेरच्या पत्रपेटीवर अशनी आदळला. ती चेमटलेली पेटी २००७च्या लिलावात ऐंशी हजार डॉलरच्या वर गेली. पत्रं कधीच बंद झाली, पेटीला मात्र टपाल खात्यालाही लाभली नसेल अशी प्रतिष्ठा आली. न्यूयॉर्कजवळच्या पीकस्किलमध्ये ९ ऑक्टोबर १९९२च्या रात्री बारा किलोचा दगड एका उभ्या गाडीची डिकी भेदून खालच्या जमिनीला टेकला. गाडी १९८० सालची शेवरोले मालिबू, एका मुलीने काहीशे डॉलरला घेतलेली. पोलिसांना आधी वाटलं, कोणीतरी खोडसाळपणा केला. पुढे ती गाडी खरेदीच्या कित्येक पटीने विकली गेली आणि जगभरच्या प्रदर्शनांत फिरून आली.

अर्थात उपद्रवालाही योग लागतो. अलाबामातल्या सिलाकॉगा इथे ३० नोव्हेंबर १९५४ रोजी अॅन हॉजेस नावाची बाई दुपारी सोफ्यावर डुलकी घेत होती. अशनी छत फोडून आला, रेडिओवर आपटला आणि उसळून तिच्या कमरेला लागला. आता या बाजाराच्या नियमाने तिचं सोनं व्हायला हवं होतं. पण घर भाड्याचं. मालकीणबाई म्हणाल्या, छप्पर माझं तर दगड माझा. कोर्टकज्जा सुरू झाला. (पुण्यामुंबईच्या जुन्या भाडेकरूंना इथे पुढचं सांगावं लागत नाही.) पाचशे डॉलर देऊन मालकीणबाईंशी तडजोड होईपर्यंत लोकांचा उत्साह मावळला, गिऱ्हाईक मिळेना. दगड काही काळ घरात दाराला अडसर म्हणून वापरला आणि अखेर संग्रहालयाला देऊन टाकला. त्याच अशनीचा दुसरा तुकडा जवळच एका शेतकऱ्याला वाटेत सापडला. त्याची खेचरं काळा दगड बघून बिचकली, एवढाच काय तो उपद्रव. तो विकून त्याने गाडी घेतली आणि घर घेतलं. बाईंना काय मिळालं? काळानिळा डाग आणि मासिकात फोटो.

माझा लाडका माणूस मात्र ऑरेगनचा एलिस ह्यूज. १९०२ साली त्याला लाकूडतोड करताना शेजारच्या जमिनीत साडेपंधरा टनांचा लोहअशनी दिसला. जमीन एका पोलाद कंपनीची. सरळ माणूस कंपनीला कळवेल. ह्यूजने ओंडक्यांची चाकं लावून गाडा केला, मुलाला आणि एका घोड्याला जुंपलं आणि सुमारे तीन महिने खपून तो सव्वा किलोमीटरवरच्या आपल्या आवारात ओढून आणला. मग भोवती खोपटं उभारून पाहायला पंचवीस सेंट तिकीट लावलं. तिकीट काढून आलेल्यांत कंपनीचा माणूसही होता म्हणतात, आणि गाड्याची चाकोरी कंपनीच्या जमिनीपासून निघते हे त्याला दिसलं. खटला झाला. १९०५मध्ये ऑरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अशनी ज्याच्या जमिनीत, त्याचा. मधल्या काळात आणखी एका शेजाऱ्याने हा माझ्याच शेतातून गेला म्हणून दावा ठोकला आणि पुरावा म्हणून भलंमोठं विवर दाखवलं, असंही सांगतात. पण त्याच आठवड्यात तिथे सुरुंगाचे आवाज ऐकल्याचं गावातूनच कळलं. विलामेट नावाचा तो अशनी आज न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे. ह्यूजच्याही पुष्कळ आधीपासून क्लॅकमस लोक त्याला पूज्य मानत आले होते. ते मात्र या कोर्टकचेरीत कुठल्याच बाजूला नव्हते. २०००मध्ये संग्रहालयाने त्यांच्या वारसांना वर्षातून एकदा त्याच्यापाशी विधी करण्याचा हक्क लेखी मान्य केला.

आपल्याकडे हा मामला पूर्वीपासून सोपा. एप्रिल १६२१मध्ये जालंधर परगण्यात आकाशातून लोखंड पडलं. अंमलदाराने ते खणून जहांगीर बादशहाकडे धाडलं. भरलं १६० तोळे. बादशहाने उस्ताद दाऊदला बोलावून त्याच्या दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी करायला सांगितली. नुसतं ते लोखंड घणाखाली टिकेना, म्हणून तीन भागांना एक भाग साधं लोखंड मिसळलं. त्यातली सुरी वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे. आज भारतात अशनी पडला तर तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला अशनीपात झाला, तेव्हाही त्यांचीच माणसं तुकडे गोळा करायला पोचली. त्यामुळे माझ्यासारखीला काटोलचा दगड घरात ठेवायची सोय नाही, अर्जेंटिनाचा खुशाल ठेवावा. लोणारला जाऊन पाहिलं. पावणेदोन किलोमीटरहून मोठं विवर आहे, तलाव आहे, देवळं आहेत, फक्त ज्याने हे सगळं केलं त्याचा एकही तुकडा नाही. एवढा उपद्रव करून माल गायब.

बाहेरून आलेल्या दगडाची खात्री कशी पटवायची? चुंबक लावून भागत नाही, भट्टीतल्या धातूच्या मळीलाही चुंबक चिकटतो. कापून, तासून निकेल तपासावं लागतं, आणि त्यात विकत घेतलेला अर्धा दगड भुशात जातो. म्हणून आम्ही कागद बघतो. कोणी उचलला, कोणाकडून कोणाकडे गेला, कोणत्या संग्रहालयाने त्यावर रंगाने क्रमांक घातला. हार्वी निनिंजर या अमेरिकी संग्राहकाच्या हातचा बारीक क्रमांक असेल तर दगडाहून क्रमांकाला मोल. कोकणस्थांच्या कुलवृत्तांतात नाव सापडलं की मुलाची बाकी चौकशी थोडक्यात उरकतात, तसंच हे.

कुलवृत्तांत कितीही चोख असला तरी आमच्या मुलुंडचा पावसाळा कोणाला सोडत नाही. माझ्याकडे नामिबियाच्या गिबियन अशनीची चकती आहे. आम्लाने धुतली की तिच्यावर आडवीतिडवी रेषांची नक्षी उठते. तशी नक्षी उमटायला धातू लाखो वर्षं हळूहळू निवावा लागतो, कोणत्याही कारखान्यात ती करता येत नाही. साडेचारशे कोटी वर्षं अवकाशात जिला काही झालं नाही, ती जुलैत खिडकीशी ठेवली आणि कडेला तांबूस पूड सुटली. तेव्हापासून आमच्या घरात बुटांच्या खोक्यांतल्या आणि औषधाच्या बाटल्यांतल्या सिलिकाच्या पुड्या कोणी टाकत नाही. सासूबाई दर महिन्याला शिलाई यंत्राच्या तेलाचं बोट फिरवतात. "बाहेरून आलंय बिचारं, इथली हवा सोसत नाही," म्हणतात.

नवऱ्याचं डोकं वेगळ्याच दिशेने चाललं होतं. एका रात्री जेवताना त्याने विचारलं, "आपल्याकडे दगड सरकारचा ना?"

"हो."

"आणि गाडी?"

"गाडी आपली."

बराच वेळ तो आमटी ढवळत बसला. दुसऱ्या दिवशी त्याने सोसायटीला अर्ज दिला की आमच्या जुन्या गाडीची छपराखालची जागा सोडून उघड्यावरची द्यावी. डिसेंबरातला उल्कावर्षाव त्याने दिनदर्शिकेवर खूण करून ठेवला. वर्षावातले कण राईच्या दाण्याएवढे असतात आणि वरच जळून जातात, हे मी सांगितलं, पण आशेपुढे विज्ञान कोण ऐकतं? छपराची जागा सोडणारा सभासद सेक्रेटरींनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी तत्काळ मंजुरी दिली आणि जागा दिली ती नारळाखालची, जी कोणीच घेत नव्हतं.

आठवड्याच्या आत टपाला वाटीएवढा पोचा आला. मला वाटलं आता हा खट्टू होईल. हा खाली जाऊन पोच्याचे चारी बाजूंनी फोटो काढून आला. नारळ सुतळीने बांधून त्यावर तारीख, वेळ आणि वजन लिहिलं, आणि मला म्हणाला, "तुमच्यात ते प्रमाणपत्र कोण देतं गं?"