एका जागी बसलेली स्टेशनरी

'स्टेशनरी' लिहिताना 'ए' की 'ई', यावर शिकणारे जन्मभर घाम गाळतात. एका स्पेलिंगचा अर्थ वह्या-पेनं, दुसऱ्याचा जागचं न हलणारं. गंमत अशी की मूळ एकच. फिरस्त्या विक्रेत्यांच्या गर्दीत एका जागी ठाण मांडून बसलेला पुस्तकवाला, तो 'स्टेशनर'. लंडनमध्ये अशांचा संघ १४०३पासून आहे. म्हणजे स्पेलिंग चुकवणारा विद्यार्थी नकळत व्युत्पत्ती सांगत असतो आणि त्याचेच गुण गमावतो. पीठ आणि फूल यांचे इंग्रजी शब्दही असेच, वाटणी होण्याआधी एकच. दळलेल्या धान्याचा उत्तम भाग तो त्याचं 'फूल'. आपल्या मंडईने तर दोन्ही अर्थ झटकले : फ्लॉवर म्हणजे भाजी!

कुणी म्हणेल, मराठीत 'दिन' आणि 'दीन' नाहीत का? आहेत, आणि तिथेही आपण सर्रास चुकतो. पण ते मुळातच परके; एका घरात मागाहून भिंत घालून केलेले नव्हेत. शिवाय इंग्रजीतली एक 'ई' चुकली की माणूस अडाणी ठरतो. फलकावर 'मराठी भाषा गौरव दीन' छापलं गेलं, तर मात्र कुणी हटकत नाही. वर्णन बरोबर आहे, असंच वाटत असावं.