राष्ट्रीय अध्यक्ष, मु. पो. ठाणे

लहान पक्षाचा अध्यक्ष ओळखायला सोपा. मोठ्या पक्षाचा अध्यक्ष कुणाला कार्ड देत नाही. हा दोन देतो, एक तुम्हाला आणि एक "घरी असू द्या" म्हणून. त्याच्या लेटरहेडवर डाव्या कडेला कार्यकारिणीची नावं वरपासून खालपर्यंत उतरत गेलेली असतात आणि त्यातली निम्मी आडनावं एकच असतात. कुठल्याही कार्यक्रमाला तो वेळेच्या आधी पोचतो, कारण उशिरा गेलं तर खुर्ची मिळत नाही. असे अध्यक्ष देशात पैशाला पासरी आहेत. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले 334 पक्ष निवडणूक आयोगाने 2025 च्या ऑगस्टमध्ये यादीतून काढले, पुढच्याच महिन्यात आणखी 474 काढले, तरी दोन हजारांवर उरले. आमच्या आळीतले अध्यक्ष त्या उरलेल्यांत आहेत. दोन्ही याद्या त्यांनी बोट ठेवून वाचल्या, आपल्या पक्षाचं नाव नाही याची खात्री केली आणि आळीभर पेढे वाटले. यादीत नाव नाही म्हणून पेढे वाटणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

बाकीच्या लहान पक्षांना काय काय हवं असतं. कुणाला वेगळं राज्य, कुणाला आरक्षण, कुणाला फक्त मोठ्या पक्षाशी युती. आमच्या अध्यक्षांचा जाहीरनामा एका ओळीचा आहे: माणसाच्या मनाची काळजी सरकारने शरीराइतकीच घ्यावी. छापून आणल्यावर तो फारच लहान दिसला, म्हणून खाली उरलेल्या जागेत त्यांनी मुंबईला जाणाऱ्या जलद लोकलचं वेळापत्रक टाकलं. त्या एका कारणाने पत्रक आजही घरोघर फ्रिजवर चिकटलेलं आहे.

आता असल्या पक्षाचं मुख्यालय ठाण्यात असावं, हा खरा घोटाळा. घाटाखाली कुणाचं बिनसलं की लोक म्हणतात, याला ठाण्याला न्या. पुण्याकडे येरवड्याला नेतात, तळकोकणात रत्नागिरीला, विदर्भात नागपूरला. राज्याची जुनी सरकारी मनोरुग्णालयं ही चार, त्यामुळे प्रत्येक भागाला आपला घरचा टोमणा आहे. अध्यक्ष कुठल्याही परिषदेत "आमचं केंद्रीय कार्यालय ठाणे" म्हणाले की मागच्या रांगेत खसखस पिकते. उपाध्यक्षांनी, म्हणजे त्यांच्या मेहुण्यांनी, कागदोपत्री कार्यालय डोंबिवलीला हलवावं असा ठराव मांडला होता. अध्यक्षांनी तो फेटाळला. "हे रुग्णालय 1901 पासून उभं आहे. महाराष्ट्रातल्या घरांनी टाकलेली माणसं या गावाने सांभाळली. लाज आपण वाटून घ्यायची की त्यांनी?" आता ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये नवं रेल्वे स्टेशन होतंय तेही या रुग्णालयाच्याच जागेवर. त्याला रुग्णालयाचं नाव द्यावं म्हणून अध्यक्षांची रेल्वेशी पत्रापत्री चालू आहे. रोज त्या स्टेशनावर उतरावं लागेल या कल्पनेने आमच्या आळीतल्या नोकरदारांना घाम फुटतो.

अध्यक्ष मूळचे टेलिफोन खात्यातले. 198 फिरवला की पलीकडून जो आवाज तक्रार लिहून घ्यायचा, त्या आवाजांतला एक यांचा. डायल टोन नाही, खरखर येते, क्रॉस कनेक्शन होतं, हे ऐकता ऐकता नोकरी सरली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे काही लोकांचे फोन उत्तम चालायचे, तरी ते आठवड्याला तक्रार करायचे. तक्रार नोंदवून झाली की "आणखी एक" म्हणत, आणि ते आणखी एक टेलिफोनचं नसे. जानेवारी 2020 ला अध्यक्षांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, मार्चमध्ये टाळेबंदी लागली. ऐकायला कुणी नाही आणि झोपही नाही, अशी त्यांची गत झाली. शेवटी वहिनींनी त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. गोळ्या लागू पडल्या. इथवर सगळं इतरांसारखंच; पण घरी आल्यावर त्यांनी जे केलं ते आमच्या आळीच्या इतिहासात कुणी केलं नव्हतं. लोक गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगतात तसं त्यांनी ते नाक्यावर उभं राहून सांगितलं: कुठली गोळी, किती वाजता, भात खाऊन की आधी. ऐकणारे चहा अर्धा टाकून निघून गेले. पक्षाची स्थापना त्या अर्ध्या चहांतून झाली, असं मी मानतो.

पक्ष काढणं आपल्याकडे वाटतं तितकं अवघड नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 29 अ, दहा हजारांचा डिमांड ड्राफ्ट, वर्तमानपत्रांत जाहीर सूचना आणि मतदार यादीत नाव असलेल्या 100 सभासदांची शपथपत्रं. अडचण शंभरांची. माणसं सही करायला तयार होती, शपथपत्राचा मथळा वाचून त्यांचं पेन थांबे. "साहेब, पक्षाच्या नावातून ते 'मानसिक' तेवढं काढता नाही का येणार? नुसतं आरोग्य ठेवा की." शेवटी टेलिफोन खात्यातले निवृत्त सहकारी धावून आले. आयुष्यभर लोकांचं ऐकलेली ती मंडळी, त्यांना त्या शब्दाचं भय उरलं नव्हतं.

कार्यकारिणीची बैठक पाच मिनिटांच्या शांततेने सुरू होते. उपाध्यक्ष तिसऱ्या मिनिटाला घोरू लागतात. खजिनदार वहिनी इतिवृत्तात लिहितात, ठराव क्रमांक 1 एकमताने मंजूर. अध्यक्षांना मात्र शांतता पाळली न गेलेली सहन होत नाही. "शांत राहायला शिका!" असं ते इतक्या जोरात ओरडतात की समोरच्या इमारतीतलं कुत्रं भुंकायला लागतं.

नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत पक्षाने एक जागा लढवायची ठरवलं. उमेदवारीसाठी अर्ज मागवले, एकच आला, अध्यक्षांचा. त्यांनी स्वतःची रीतसर मुलाखत घेतली, स्वतःला एबी फॉर्म दिला आणि तिकीटवाटपात कुठेही बंडखोरी झाली नसल्याचं पत्रक काढलं. त्या हंगामात असं पत्रक खरेपणाने काढू शकणारा तो एकटाच पक्ष असावा.

पुढे दहा सूचकांचा प्रश्न आला. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला मतदारसंघातला एक सूचक पुरतो, इतरांना दहा लागतात. अध्यक्ष दारोदार फिरले. एका गृहस्थांनी विचारलं, "हे नाव कुठे लागतं का? मुलीचं लग्न ठरतंय." दुसऱ्याने सही केली आणि रात्री येऊन खोडून द्यायची विनंती केली. या दोघांनाही अध्यक्षांच्या चारित्र्याबद्दल काही शंका नव्हती. गल्लीत दोन फौजदारी खटले अंगावर असलेला एक उमेदवारही उभा होता, त्याचा सूचक व्हायला रांग होती.

छाननीच्या दिवशी एका बड्या उमेदवाराच्या प्रतिनिधीने हसत हसत हरकत घेतली. हे गृहस्थ स्वतःच सांगतात की मनाच्या डॉक्टरकडे जातात, आणि घटनेच्या 191 व्या कलमाप्रमाणे मनोविकल माणूस आमदारकीला अपात्र असतो. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी मान वर न करता विचारलं, "सक्षम न्यायालयाने तसं ठरवल्याचा आदेश आहे?" नव्हता. "मग बसा." पाव मिनिटात हरकत निकाली. अध्यक्ष घरी आले ते हिरमुसून. घटना, 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, सगळ्यांत खुणेच्या चिठ्ठ्या घालून ते तयारीने गेले होते आणि कुणी त्यांना तोंड उघडू दिलं नव्हतं. एवढी तयारी फुकट गेल्यावर कुणाचंही मन खचेल, पण सांगतात कुणाला, पक्षाध्यक्षच ते.

चिन्हासाठी त्यांनी पहिली पसंती 'उशी'ला दिली होती. मोकळ्या चिन्हांच्या यादीत उशी खरंच आहे. शांत झोप, याहून चांगली खूण ती काय? पण चिठ्ठ्यांमध्ये उशी दुसऱ्या एका लहान पक्षाच्या उमेदवाराला गेली आणि यांच्या वाट्याला आला प्रेशर कुकर. अध्यक्षांनी दोन दिवस जेवणात भात घेतला नाही. वहिनींनी मात्र त्याच संध्याकाळी बायकांच्या भिशीत प्रचार उरकून टाकला. "कुकर शिट्ट्या मारतो तोवर काळजी नसते गं. आच चालू आणि शिट्टी बंद, तेव्हा घाबरायचं. घरात असं कुणी गप्प झालंय का, तेवढं बघा." भिशीत बराच वेळ कुणी बोललं नाही म्हणे. पक्षाचं आजवरचं सगळ्यात चांगलं भाषण तेच, आणि ते अध्यक्षांचं नाही.

अध्यक्षांच्या भाषणाचं काय सांगावं? त्यांच्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ आहे, सांगतात ते कलमांत. मानसिक आजाराला इतर आजारांसारखाच विमा मिळाला पाहिजे, असं कायदा 2018 पासून सांगतो, ही आळीतल्या निम्म्या घरांच्या कामाची गोष्ट. ती ते "कलम 21, पोटकलम 4" अशी सुरू करतात. आजारी माणसाला साखळीने बांधायला त्याच कायद्याने बंदी आहे, हे येईपर्यंत श्रोते वडापावच्या गाडीपाशी. 'निम्हान्स'च्या 2015-16 च्या पाहणीत प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला होता. हा आकडा त्यांनी सभेत सांगितला आणि उत्साहाच्या भरात पुढे बसलेल्यांची डोकी मोजायला सुरुवात केली. "म्हणजे इथे निदान चार जण..." सभा तिथेच संपली. चारांत आपण नको म्हणून चाळीसही उठले.

प्रचाराच्या रिक्षेने उरलेलं काम केलं. सकाळी नऊपासून "मन मोकळं करा, ताण सोडा" ही एकच ध्वनिफीत आळीतून फिरत राहिली. दुपारपर्यंत तीन घरांत भांडणं झाली.

निकाल लागला. अनामत गेली, तिचं कुणाला आश्चर्य नव्हतं. सहाव्या हिश्श्याहून जास्त मतं पडली तरच दहा हजार परत मिळतात आणि अध्यक्ष 'नोटा'च्याही खाली होते. खळबळ उडाली ती केंद्रनिहाय आकड्यांनी. मतदान गुप्त असतं, पण कुठल्या केंद्रावर कुणाला किती पडली हे नंतर जाहीर होतं. आमच्या केंद्रावर कुकरला तीन मतं होती. एक अध्यक्षांचं, एक वहिनींचं. तिसरं कुणाचं? आठवडाभर आळीत दुसरा विषय नव्हता. लोक आपण होऊन शपथा घेऊ लागले. "देवाशप्पथ, मी नाही हो." चोरीचा आळ आला असता तर इतक्या तत्परतेने कुणी पुढे आलं नसतं.

गंमत अशी की शपथा घेणाऱ्यांतले कित्येक जण मी अध्यक्षांच्या केंद्रीय कार्यालयात, म्हणजे बंद केलेल्या गॅलरीत, दिवेलागणीनंतर बसलेले पाहिले आहेत. येताना हातात विजेचं बिल असतं. चपला आत घेतात. मग अध्यक्ष ते सगळं बाजूला ठेवतात: घटना, कलम, शिक्का, राष्ट्रीय अध्यक्षपण. जुन्या सवयीने वही पुढे ओढून "हं, बोला" एवढंच म्हणतात. मध्ये बोलत नाहीत, उपदेश करत नाहीत, स्वतःची गोष्ट तर मुळीच सांगत नाहीत. शेवटी 14416 हा सरकारचा 'टेली-मानस'चा क्रमांक लिहून देतात. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली ही सेवा सरकारने आपल्याच पत्रावरून काढली असा त्यांचा ठाम समज आहे. श्रेय न मिळाल्याची तक्रार करत करत ते क्रमांक मात्र सगळ्यांना देतात. फोनने भागणार नसेल तर सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात स्वतः सोबत जातात. "रांगेत ओळखीचं कुणी भेटलं तर सांगा, अध्यक्षांना घेऊन आलोय." गावाने त्यांना जे ठरवून टाकलंय, त्याच्या आडोशाने त्यांनी कितीतरी जणांना डॉक्टरपर्यंत पोचवलं आहे. मत त्यांना मागता आलं असतं. अशा माणसांकडे ते मागत नाहीत, आणि म्हणूनच ते कधी निवडून येणार नाहीत.

तरी पुढच्या निवडणुकीला अध्यक्ष उभे राहणार आहेत. आयोगाच्या यादीत टिकायचं तर राहावंच लागतं. उपाध्यक्षांनी खरोखरच डोंबिवलीला घर घेतल्यामुळे सूचकांत एक जागा रिकामी झाली आहे. आमच्या मतदारसंघात नाव असेल तर येऊन सही करा. मी गेल्या वेळी केली होती. डोक्यावर काहीही परिणाम झालेला नाही, हवं तर आमच्या घरी विचारा.